मिसळीतले पंचेचाळीस रुपये

संक्रांत जवळ आली की पुण्यातली मैदानं रिकामी राहत नाहीत. आनंदमेळे, खाद्यजत्रा, सेवा क्लबांचे उत्सव. त्यामुळे या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं याच विषयाची आहेत. पहिल्या पत्राला मी जास्त जागा देते आहे. तसंच पत्र बारा वर्षांपूर्वी मी लिहिलं असतं, पण कुणाला लिहावं ते माहीत नव्हतं.

ताई, सप्रेम नमस्कार. कोथरूडच्या एका सेवा क्लबची मी यंदा खजिनदार झाले. दर वर्षी आम्ही दोन दिवसांचा आनंदमेळा भरवतो. खाण्याचे स्टॉल, मुलांचे खेळ, रात्री गाण्याचा कार्यक्रम. गर्दी मावत नाही. पण मागच्या तीन वर्षांच्या वह्या बघितल्या तर जमलेल्या शंभर रुपयांतले सत्तर-पंचाहत्तर मेळ्यातच गेलेले दिसतात. मीटिंगमध्ये विषय काढला तर "एवढा मोठा कार्यक्रम म्हटला की खर्च येणारच" असं उत्तर मिळालं. मी नवी, वयानंही सगळ्यांत लहान. काय करू?
– एक खजिनदार, कोथरूड

तुम्ही तीन वर्षांच्या वह्या उघडून बसलात, यातच निम्मं काम झालं. बहुतेक खजिनदार मागच्या वर्षीची शिलकी रक्कम लिहून घेतात आणि पुढचं पान उलटतात. मीही तेच केलं होतं.

मी बँकेत एकतीस वर्षं होते, त्यातली अकरा रोखपाल म्हणून. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरला आमच्या क्लबनं खजिनदारपद माझ्या गळ्यात घातलं. माझ्या दुसऱ्याच वर्षी आमच्या मेळ्यात ४ लाख १२ हजार रुपये जमले. टाळ्या झाल्या. मग मी खर्च मांडला. मांडव, स्टेज आणि ध्वनी १ लाख ३८ हजार. गायकांचं मानधन आणि प्रवास ९० हजार. फ्लेक्स आणि पत्रकं ३१ हजार. शिधासामान ७४ हजार. शाली, श्रीफळं, पुष्पगुच्छ २२ हजार. जनरेटर आणि किरकोळ १८ हजार. उरले ३९ हजार.

तो मेळा आम्ही कर्णबधिर मुलांच्या एका शाळेसाठी केला होता. बारा मुलांना श्रवणयंत्रांची जोडी द्यायची, असं प्रवेशद्वारावर चार फुटी अक्षरांत लिहिलं होतं. जोडीचा भाव आम्हाला १८ हजार मिळाला होता. म्हणजे हवे होते २ लाख १६ हजार. आमच्याकडे दोन जोड्यांचे पैसे होते.

मुख्याध्यापिकाबाईंना सांगायला मी गेले. त्यांनी मला काही न बोलता टेबलाचा खण उघडून दाखवला. आत बारा लहान डब्या होत्या, प्रत्येकीवर मुलाचं नाव. डबीत कानाचे साचे. श्रवणयंत्र कानात नीट बसावं म्हणून आधी कानात मऊ लगदा घालून माप घेतात आणि त्यावरून साचा करतात. आमच्या शब्दावर विसंबून बाईंनी बाराही मुलांची मापं घेऊन ठेवली होती. एक साचा हातात घेतला. माझ्या करंगळीच्या पेराएवढा होता. दोन मुलांना यंत्रं मिळाली, उरलेले तीन हजार बॅटऱ्यांना गेले. बाकीच्या दहा जणांसाठी पुढच्या वर्षी पैसे उभे राहिले तेव्हा ते साचे कुणालाच बसेनात. लहान मुलांचे कान वाढतात, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं. सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली. दहा मुलांचं ऐकण्याचं, म्हणजेच बोलायला शिकण्याचं, एक वर्ष आमच्या मांडवात आणि शालींत गेलं. मला हे आजही सांगताना जड जातं.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण हसत वापरतो. इथे मसाल्याचे पैसे लोकांनी मुलांसाठी दिलेले होते.

आता उपाय. पहिला: उत्सवाचं खातं वेगळं आणि सेवेचं खातं वेगळं. रोखकीर्दही वेगळी. उत्सवाच्या खात्यात सभासदांची वर्गणी, प्रायोजकांचे पैसे आणि स्टॉलचं भाडं. मांडव, ध्वनी, छपाई, सत्कार हे सगळं यातूनच भागवायचं. सेवेच्या खात्यात लोकांच्या देणग्या आणि कुपनांची विक्री. त्याला मांडवाचा हात लागता कामा नये. हा माझा शोध नाही. लायन्स क्लबांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे की जनतेकडून जमवलेला पैसा जनतेच्याच कामी यावा आणि क्लबच्या कारभाराचा पैसा त्यापासून वेगळा ठेवावा. कार्यक्रमाचा थेट खर्च तेवढा वजा करायला तिथे मुभा आहे, आणि अडचण त्या "थेट" शब्दाशीच येते. गायकाचं विमानभाडंही कुणाला थेट वाटतं. म्हणून आम्ही आमच्यापुरतं ठरवून टाकलं: लोकांच्या पैशातून फक्त शिधासामान वजा करायचं, दुसरं काहीही नाही. प्रायोजक कमी मिळाले तर मांडव लहान.

पुढच्या वर्षी आमचा मांडव खरोखरच लहान झाला. प्रायोजक आणि स्टॉलभाडं मिळून १ लाख १० हजार आले, तेवढ्यातच सगळा थाट बसवला. गायला क्लबमधल्याच सभासदांची मुलं आणि शेजारच्या सोसायटीतलं भजनी मंडळ. लोकांकडून २ लाख ८१ हजार आले, म्हणजे गर्दी थोडी कमीच होती. त्यातून शिध्याचे ६८ हजार गेले. उरले २ लाख १३ हजार. दहा जोड्यांचे १ लाख ८० हजार देऊन ३३ हजार राहिले, ते नव्या साच्यांना आणि वर्षभराच्या बॅटऱ्यांना. मेळा लहान आणि हाती पाचपटीहून जास्त. तुमच्या मीटिंगमध्ये माझे हे दोन वर्षांचे आकडे खुशाल वाचून दाखवा. वयानं लहान असलात तरी आकडे वाचून दाखवणं हे खजिनदाराचं कामच आहे, त्यात कुणाचा अवमान होत नाही.

दुसरा उपाय दिसायला किरकोळ आहे, पण माझा सगळ्यांत आवडता. आमच्या मिसळीच्या स्टॉलवर पाटी असते: "मिसळ ८० रुपये. त्यातले ३५ मटकी, फरसाण, पाव यांचे. ४५ श्रवणयंत्रांचे." थालीपिठाच्या, खरवसाच्या स्टॉलवरही तशीच. सुरुवातीला आमच्याच सभासदांनी विरोध केला, की घरातला हिशेब असा चव्हाट्यावर कशाला मांडायचा. पण पाटी लागली आणि लोक मिसळ खाऊन वर कुपनं न घेता पन्नास-शंभर रुपये पेटीत टाकायला लागले. एक आजोबा दोन्ही दिवस आले. मधुमेहामुळे खरवस खात नव्हते, पण कुपन घेऊन नातवाला देत होते आणि प्रत्येक वेळी पाटी वाचत होते.

रोखीबद्दल थोडं, कारण पैसे गळतात ते इथेच. स्टॉलवर रोख घ्यायची नाही, फक्त कुपन. कुपनं एकाच टेबलावर विकायची, त्यांवर क्रमांक हवेत आणि दोन दिवसांचे रंग वेगळे हवेत, नाहीतर शनिवारची कुपनं रविवारी पुन्हा फिरतात. पावतीपुस्तकं कुणाला किती दिली ते लिहून सही घ्या. मेळा संपल्यावर कोरं पुस्तकसुद्धा परत यायला हवं आणि स्थळप्रती, म्हणजे पावती फाडल्यावर पुस्तकात उरणारे भाग, तपासूनच हिशेब बंद करायचा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच, कुणा सभासदाच्या फोनवरचा नाही, तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी. आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवून कोड तपासा. त्यावर दुसराच कोड चिकटवून जाणारे असतात. रात्री दोघांनी मिळून रक्कम मोजायची, नोटांच्या प्रकारांप्रमाणे चिठ्ठी करायची, दोघांच्या सह्या. बँकेतल्या माणसाची एक सूचना: मेळ्याची तारीख ठरवताना महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार टाळा. त्या दिवशी बँका बंद असतात, आणि दोन दिवसांची रोकड मग कुणाच्या तरी कपाटात राहते. पहिला किंवा तिसरा शनिवार धरलात तर शुक्रवारची स्टॉलभाड्याची रक्कम तरी शनिवारी सकाळी भरता येते.

आणि तुमचा क्लब किंवा त्याचा ट्रस्ट नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. नसेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवल्याशिवाय लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करता येत नाहीत. गणेश मंडळं दर वर्षी हीच परवानगी काढतात, तुम्हालाही अवघड जाणार नाही.

मेळा संपल्यावर आठव्या दिवशी हिशेबाचा फलक त्याच मैदानाच्या फाटकावर लावा. जमा, खर्च, शिल्लक, आणि शिल्लक कुठे गेली ते. आम्ही लावतो. फिरायला जाणारे लोक थांबून वाचतात, काही जण फोटो काढतात. एका वर्षी एकानं बेरजेतली चूक दाखवली, चारशे रुपयांची. ती दुरुस्त करून त्याच फलकावर लाल शाईनं लिहिली.

मी निवृत्त शिक्षक. एका क्लबच्या उत्सवात दर वर्षी पाच हजार रुपये रोख देतो आणि पावती घेतो. यंदा कर सल्लागार म्हणाला, यावर सवलत मिळणार नाही. क्लबवाले म्हणतात मिळेल. खरं काय?
– एक वाचक, सदाशिव पेठ

सल्लागाराचं बरोबर आहे. दोन हजारांहून जास्त देणगी रोखीत दिली तर ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. पुढच्या वेळी धनादेश द्या किंवा खात्यातून खात्यात पाठवा.

पण आणखी दोन गोष्टी बघून घ्या, सर. पावती कुणाच्या नावाची आहे? क्लब आणि क्लबचा धर्मादाय ट्रस्ट या पुष्कळदा दोन वेगळ्या संस्था असतात आणि ८०जी ची मान्यता ट्रस्टला असते. क्लबच्या नावाची पावती असेल तर तिचा उपयोग नाही. दुसरं, तुम्ही नवी करपद्धत निवडली असेल तर ही सवलत मुळातच नाही. जुन्या पद्धतीत असाल तरच प्रश्न येतो, आणि तिथेही अशा संस्थांना दिलेल्या देणगीची बहुधा निम्मी रक्कम धरतात. ट्रस्टनं देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरली की त्यातून तुमच्या नावाचं प्रमाणपत्र निघतं. ते मागून घ्या. साधी पावती आता पुरत नाही. वस्तू दिली, धान्य दिलं किंवा स्टॉलवर कुपनं घेतली, तर त्याची सवलत नसते.

क्लबवाल्यांनी मुद्दाम खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या खजिनदाराला हा अंक दाखवा.

लकी ड्रॉ ठेवला तर पैसे चांगले जमतील असं सगळे म्हणतात. वीस रुपये तिकीट, पहिलं बक्षीस स्कूटर. ठेवावा का?
– एक कार्यकर्ता, बिबवेवाडी

नको. पैसे घेऊन तिकीट विकायचं आणि सोडतीनं बक्षीस द्यायचं, म्हणजे ती लॉटरी झाली. सरकारी परवानगीशिवाय अशी सोडत काढणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. सर्रास चालतं म्हणून ते कायदेशीर होत नाही. मुलांसाठी लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, रांगोळी ठेवा. स्कूटर देणारा प्रायोजक खरंच हाताशी असेल, तर त्याला तेवढ्या रकमेचा धनादेश सेवेच्या खात्याला द्यायला सांगा.

आमच्या इमारतीला लागूनच मैदान आहे. दर वर्षी एका सेवा संस्थेचा उत्सव होतो. काम चांगलं करतात, म्हणून तक्रार करायला संकोच वाटतो. पण माझे सासरे ८६ वर्षांचे आहेत, आणि रात्री अकरापर्यंत खिडकीच्या काचा थरथरतात.
– एक गृहिणी, डहाणूकर कॉलनी

संकोच करू नका. काम चांगलं असलं म्हणून सासऱ्यांची झोप संस्थेच्या हक्काची होत नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सरकार जाहीर करतं, संस्थेनं परस्पर धरायचे नसतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

तक्रारीचा क्रमांक ११२ आहेच, पण त्याआधी एक करून बघा. उत्सवाच्या पंधरा दिवस आधी अध्यक्षांना भेटा आणि त्यांना तुमच्या घरी, त्या खिडकीपाशी चहाला बोलवा. आमच्या मेळ्याच्या बाबतीत एका काकूंनी मला असंच बोलावलं होतं. त्यांच्या पलंगावरून आमचे कर्णे सरळ समोर दिसत होते, हे मैदानात उभं राहून आम्हाला कधीच कळलं नसतं. आम्ही कर्ण्यांची तोंडं रस्त्याकडे फिरवली आणि कार्यक्रम साडेनऊला संपवायला लागलो. साडेनऊला संपवलं की आवराआवर दहाच्या आत होते, आणि स्वयंपाकाला आलेल्या बायकांना घरी जायला बसही मिळते. तो फायदा आम्हाला आधी सुचलाच नव्हता.

मावशी, मी एका क्लबच्या युवा शाखेत आहे, वय २१. उत्सवाच्या वर्गणीसाठी दारोदार जायचं असतं. मला फार लाज वाटते. एका काकांनी "तुमचे क्लब म्हणजे हॉटेलातल्या पार्ट्या" असं म्हणून दार लावलं. त्यानंतर माझे पायच उचलत नाहीत.
– एक विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता

बाळ, त्या काकांचा राग कुठून आला असेल हे मी वर पहिल्या पत्रात लिहिलं आहे. त्यांनी कधीतरी कुणाला पैसे दिले असतील आणि पुढे काय झालं हे कुणी सांगितलं नसेल.

पण क्लब म्हणजे पार्ट्या हे खरं नाही. रोटरीनं १९८५ साली जगभरातला पोलिओ संपवायचं काम अंगावर घेतलं. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, आशाताई, अंगणवाडीताई आणि क्लबांचे साधे सभासद, सगळ्यांनी मिळून ते रेटलं. पोलिओ रविवारी बूथवर बसून मुलांच्या करंगळीवर शाईची खूण करणाऱ्यांत मीही होते. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त झालो. माझ्या शाळेत वर्गात दोन मुली कुबड्या घेऊन यायच्या. तुझ्या वर्गात अशी कुणी नव्हती ना?

आणि मागण्याची लाज पुण्यात तरी वाटायला नको. मी राहते ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणं. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, काम झालं की शहरातून हिंगण्यापर्यंत पायी जायचे, सुट्टीत गावोगाव वर्गणी मागत फिरायचे. लोकांनी त्यांना दारंही लावली आणि वाळीतही टाकलं. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड सुरू केला. माणशी वर्षाला एक पैसा. त्या पैशा-पैशातून इथे जवळच तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, १९०८ साली. एक पैसा मागायला किती दारं वाजवावी लागली असतील याचा विचार कर.

तू ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. "आम्ही उत्सव करतोय, काही द्या" असं घोटाळत बोललीस की समोरचा माणूसही घोटाळतो. कशासाठी, कितीजणांसाठी, किती कमी पडतात, एवढं पहिल्या वाक्यात सांग. संस्थेचं ओळखपत्र गळ्यात असू दे. एकटी जाऊ नकोस, दोघी जा. दुपारी दोन ते चार कुणाचं दार वाजवू नका. दहा रुपये दिले तरी पावती तिथल्या तिथे फाड आणि नाव नीट विचारून लिही. नाव चुकलं तर लोकांना वाईट वाटतं. नाही म्हणाले तर "बरं, उत्सवाला या मात्र" म्हणून खाली उतर. उत्सव सगळ्यांचाच आहे, वर्गणी न देणाऱ्याचाही.

त्या काकांकडे आत्ता जाऊ नकोस. उत्सव होऊन हिशेब पूर्ण झाला की त्या इमारतीत पुन्हा जा, प्रत्येक दारात हिशेबाचा कागद दे, त्यांच्याही. त्या दिवशी पावतीपुस्तक घरी ठेव.